घरी केलेला हेअर कंडिशनर आठवड्याभरात का फाटतो?

तुम्ही नाशिकहून लिहिलंय: बीटीएमएस-५० (तेल आणि पाणी एकत्र धरणारा मेणासारखा घटक) २ टक्के, खोबरेल १५ टक्के, कुंडीतल्या कोरफडीचा ताजा गर, घट्टपणासाठी झँथन गम, आठवड्यात वर तेल तरंगतं. या प्रमाणात तो फाटणारच.

मुख्य घोळ झँथनचा. बीटीएमएसवर धन भार असतो, म्हणून तर तो केसांना धरतो. झँथनवर ऋण भार. दोघं एकमेकांनाच चिकटतात आणि तेलाचे थेंब उघडे पडतात. गम काढूनच टाका. घट्टपणा सीटोस्टिअरिल अल्कोहोल देतं (नावात अल्कोहोल, पण असतं मेणासारखं). बीटीएमएसबरोबर ते पाण्यात पापुद्र्यांसारखे थर धरतं आणि थेंब त्यांत अडकून राहतात.

खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं. नाशिकच्या थंडीत पहाटे ते बाटलीतच थिजतं, एका थेंबातले स्फटिक शेजारच्या थेंबात घुसतात, दुपारी वितळलं की दोन्ही एक. त्यापेक्षा द्राक्षबियांचं तेल घ्या. खवट लवकर होतं, म्हणून सोबत व्हिटॅमिन ई. (ते प्रिझर्व्हेटिव्ह नव्हे, कुणी काहीही सांगो.)

१०० ग्रॅमसाठी: बीटीएमएस-५० ४, सीटोस्टिअरिल अल्कोहोल ४, तेल ३, व्हिटॅमिन ई ०.२, ग्लिसरीन २, फिनॉक्सीइथेनॉल (हे प्रिझर्व्हेटिव्ह) ०.९, सुगंध ०.३, बाकी ८५.६ डिस्टिल्ड वॉटर. पुडीवर बीटीएमएस-२५ असेल तर त्यात कामाचा घटक निम्माच असतो.

पाणी-ग्लिसरीन एका भांड्यात, बीटीएमएस, अल्कोहोल आणि तेल दुसऱ्यात. दोन्ही ७५ अंशांवर आणा. पाणी थंड असेल तर मेण ओतताक्षणी गोठून दाणे पडतात. एकत्र करून हँड ब्लेंडर दोनेक मिनिटं थांबत थांबत फिरवा, पातं बुडालेलं ठेवून, नाहीतर फेस होतो. मग चमच्याने सावकाश ढवळत निवू द्या. बर्फात ठेवायची घाई नको. ४० अंशांखाली आल्यावर व्हिटॅमिन ई, फिनॉक्सीइथेनॉल आणि सुगंध. वजन करून उडालेलं पाणी भरा. शेवटी सायट्रिक अॅसिडचं १० टक्के द्रावण थेंबाथेंबाने, पीएच ४ ते ४.५ होईपर्यंत.

ताजा गर मुळीच नको. त्यातले जंतू एवढ्या प्रिझर्व्हेटिव्हला आवरत नाहीत.

टिकतो का ते पाहायला एक बाटली रात्रभर फ्रीजरमध्ये, दिवसभर बाहेर, असं तीनदा करा. दुसरी महिनाभर ४० अंशांच्या आसपास.  तळाशी पाण्याची रेघ दिसली तर अल्कोहोल १ टक्क्याने वाढवा आणि तेवढं पाणी कमी करा.