मालिकेतली गोळी : सवय की व्यसन?

प्रश्न : ‘हाउस’ या अमेरिकी मालिकेतला डॉक्टर मांडीच्या कायमच्या दुखण्यासाठी व्हायकोडिन या ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या वेदनाशामक, गोळ्या घेतो. पहिल्या सीझनमध्ये पैजेखातर त्या आठवडाभर बंद करतो आणि त्याचे हाल होतात. आता माझ्या आईलाही भीती वाटते. तिच्या मणक्याच्या दुखण्यावर दोन वर्षांपासून ओपिऑइड गोळी चालू आहे. ती व्यसनी झाली का? गोळी बंद करावी का?

उत्तर : गोळी एकदम बंद करू नका, हे आधी. औषध थांबल्यावर हाल झाले म्हणजे व्यसन, असा समज अशा दृश्यांमुळे पक्का होतो, आणि तो चूक आहे. ओपिऑइड काही आठवडे रोज घेतलं की शरीर त्याला सरावतं. लवकर उतरणारी गोळी थांबवली की साधारण 8 ते 24 तासांत जांभया, घाम, नाका-डोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, जुलाब सुरू होतात. मूळ दुखणंही उसळतं. हे अवलंबित्व. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्यात एवढीच लक्षणं असतील, तर 2013च्या डीएसएम-5 या अमेरिकी मानसोपचार निदान-पुस्तिकेच्या निकषांनुसार ती व्यसनाच्या निदानात धरत नाहीत.

व्यसन वागण्यातून ओळखायचं. ठरल्यापेक्षा जास्त गोळ्या जातात, कमी करायचं ठरवूनही जमत नाही, तलफ येते, नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही. तिसऱ्या सीझनमध्ये हाउस मेलेल्या रुग्णाच्या गोळ्या उचलतो. व्यसनाचा पुरावा तो आहे, पैजेच्या आठवड्यातले हाल नव्हेत. आईंचं यांपैकी काही होतंय का, ते पाहा. गोळी कमी करायचीच असेल तर डॉक्टरांबरोबर ठरवून. वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांसाठी सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेची 2022ची सूचना महिन्याला 10 टक्के किंवा त्याहूनही सावकाश अशी आहे. घाईने कमी केली तर दुखणं आणि नैराश्य दोन्ही बळावतात, आणि माणूस मिळेल तिथून गोळी शोधू लागतो.

प्रश्न : हाउससारख्या इतक्या गोळ्या चघळून माणूस ठणठणीत राहील?

उत्तर : अवघड आहे. व्हायकोडिनमध्ये हायड्रोकोडोन या ओपिऑइडबरोबर पॅरासिटामॉलही असतं, आणि त्या काळच्या साध्या गोळीत ते 500 मिलिग्रॅम होतं. निरोगी प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा 4000 मिलिग्रॅम, म्हणजे आठ गोळ्या. त्यापुढे यकृताला धोका, दारू पिणाऱ्याला त्याआधीच. म्हणूनच 2011मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रक संस्थेने अशा गोळ्यांत ते 325 मिलिग्रॅमवर आणायला सांगितलं.

प्रश्न : मालिकांत व्यसन सोडताना पात्र आठ-दहा दिवस खोलीत तळमळतं आणि बरं होऊन बाहेर पडतं. खरंच असं होतं?

उत्तर : नाही, आणि या चित्राने जीव जाऊ शकतो. त्या दिवसांत शरीराची सहनशक्ती उतरते. मग कुणी जुन्या मात्रेकडे वळला तर तीच मात्रा श्वास थांबवू शकते. ओपिऑइडच्या व्यसनावर उपचार म्हणून मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं चालू ठेवल्याने मृत्यू घटतात. ते रोज घ्यायचं साधं औषध असल्यामुळे त्यात नाट्य नाही, आणि बहुधा म्हणूनच ते पडद्यावर फार कमी दिसतं.