दोन इंजेक्शनं झाली, डोकं दुखतंच!

प्रश्न : वय ३८. अर्धशिशीपायी महिन्याचे १२-१३ दिवस वाया जायचे. प्रोप्रॅनोलॉल, टोपिरामेट या गोळ्या घेऊन झाल्या. आता डॉक्टरांनी दरमहा इरेन्युमॅबचं ७० मिलीग्रॅमचं इंजेक्शन घरीच घ्यायला सांगितलंय. दोन झाली. टोचताना मांडीत आग होते, पोट साफ होत नाही आणि गेल्या महिन्यात ८ दिवस डोकं दुखलंच. बंद करू का?

उत्तर : अहो, बारा-तेराचे आठ झाले आणि ही बातमी तुम्ही तक्रारींच्या शेपटाला बांधलीत! मीही अर्धशिशीवालीच, त्यामुळे कळतं. गेलेले दिवस कोण मोजतं, उरलेलेच डोळ्यांत खुपतात.

हे इंजेक्शन चढलेलं डोकं उतरवत नाही. अर्धशिशीत सीजीआरपी नावाचं प्रथिन जिथे जाऊन चिकटतं, ती जागा ते रुमाल टाकून आधीच धरून ठेवतं. त्याचा निकाल निदान तीन महिन्यांनी लावायचा. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तर आम्ही औषध लागू पडलं म्हणतो; शून्याची वाट पाहू नका. कमी पडलं तर १४० मिलीग्रॅमचाही डोस असतो, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

आग होते ती बहुधा फ्रिजच्या गारठ्याने. डॉक्टर असून मी पहिलं इंजेक्शनचं पेन फ्रिजमधून काढलं ते थेट पोटात टोचलं, आणि पुढची दहा मिनिटं स्वतःलाच शिव्या घातल्या. पेन अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. गरम पाण्यात धरू नका, हलवू नका. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, ओल्या कातडीवर सुई जास्त चुरचुरते. पेनवरची छोटी खिडकी पिवळी होईपर्यंत पेन दाबून धरा. पंधरा सेकंद लागतात आणि ती फार लांब वाटतात. दर वेळी जागा बदला.

डोकं चढल्यावरची गोळी चालू ठेवा, पण वहीत मांडा. ट्रिप्टान गटातली अर्धशिशीची गोळी महिन्यात दहा दिवस किंवा जास्त गेली, तर गोळीच डोकं दुखवायला लागते.

पोटाची तक्रार मात्र अंगावर काढू नका. बद्धकोष्ठता या औषधाने होते, क्वचित इस्पितळात न्यावं लागण्याइतकी. रक्तदाबही वाढू शकतो. तेव्हा तिसरं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा, दाब मोजून घ्या. मूल हवं असेल तर तेही आत्ताच बोला. औषध थांबवलं तरी ते अंगातून जायला काही महिने लागतात.