माइनक्राफ्ट हा गेम खरोखर एकट्या माणसाने तयार केला, की तो दुसऱ्या गेमची नक्कल आहे?

आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टी लोक ठामपणे सांगतात आणि दोन्हींत निम्मे तथ्य आहे. सुरुवात एका माणसाने, मार्कस पर्सनने, केली हे खरे, आणि ठोकळ्यांचे जग खणायचे व त्यातून हवे ते रचायचे ही कल्पना त्याची स्वतःची नव्हती हेही खरे. मी 2011 मध्ये, हा गेम बीटा, म्हणजे पूर्ण होण्याआधीच्या चाचणी अवस्थेत असताना, तो विकत घेतला आणि तेव्हापासून त्याची वाटचाल पाहत आलो आहे. माझ्या मते त्याच्या इतिहासातला कळीचा मुद्दा मात्र तिसराच आहे: हा गेम अर्धवट असतानाच विकायला ठेवला गेला आणि खेळणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत घडत गेला.

आधी नकलेचा आरोप पाहू. 2009 मध्ये झॅकरी बार्थ या अमेरिकी प्रोग्रॅमरचा इन्फिनीमायनर नावाचा छोटा गेम आला. दोन संघांनी जमीन खणून मौल्यवान धातू मिळवायचे, अशी मूळ स्पर्धा होती. पण खेळणाऱ्यांना जिंकण्यापेक्षा ठोकळ्यांवर ठोकळे रचण्यातच अधिक गोडी वाटू लागली. या गेमचा कोड पुरेसा झाकलेला नसल्यामुळे तो लोकांच्या हाती लागला, ज्याने त्याने आपापल्या आवृत्त्या काढल्या, आणि बार्थ यांनी पुढचे काम थांबवून कोड सर्वांसाठी खुला केला. स्टॉकहोममध्ये नोकरी करत फावल्या वेळात गेम लिहिणाऱ्या मार्कस पर्सनने तो पाहिला आणि आपल्याला हेच करायचे होते असे त्याला वाटले. हे त्याने कधी लपवले नाही. ड्वार्फ फोर्ट्रेस आणि डंजन कीपर या आधीच्या गेमचेही ऋण तो मान्य करत आला. बार्थ यांनीही याबद्दल कधी कडवटपणा दाखवला नाही. कल्पना एकमेकांवरच उभ्या राहतात, असेच त्यांचे म्हणणे राहिले.

पर्सनने 10 मे 2009 च्या सुमारास जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत काम सुरू केले आणि 17 मे रोजी, म्हणजे अवघ्या आठवडाभरात, पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. सुरुवातीचे नाव होते केव्ह गेम, म्हणजे सरळ गुहेचा खेळ. जूनमध्ये त्याने सुमारे 10 युरोला तो विकायला काढला आणि सांगितले की जे आत्ता घेतील त्यांना पुढच्या सर्व आवृत्त्या फुकट मिळतील; काम पुढे सरकेल तशी किंमत वाढत जाईल. अपुऱ्या घराचे बुकिंग घेण्यासारखाच हा व्यवहार, फरक इतकाच की इथे ताबा पहिल्या दिवशीच मिळत होता.

यानंतरच्या दीड वर्षात भर पडत गेली. जगून राहण्याचा सर्व्हायव्हल प्रकार आला, 2010 मध्ये खऱ्या अर्थाने न संपणारे जग आले, आणि जुलैमध्ये रेडस्टोन ही तारेसारखी काम करणारी भुकटी आली, जिच्यातून लोकांनी आधी आपोआप उघडणारी दारे आणि मग चक्क गणकयंत्रे बनवली. क्रीपर हा गेमचा चेहरा ठरलेला हिरवा प्राणी तर चुकीतून जन्मला: डुकराची आकृती करताना पर्सनकडून लांबी आणि उंचीचे आकडे उलटसुलट झाले, आणि चार आखूड पायांवर उभा असा एक विचित्र खांब तयार झाला.

न संपणारे जग हा शब्दप्रयोग थोडा उलगडून सांगायला हवा. संगणकात ते सारे जग साठवलेले नसते. खेळाडू जिकडे चालत जातो तिकडे 16 बाय 16 ठोकळ्यांचे तुकडे त्या क्षणी आकडेमोडीने तयार होतात, आणि ही आकडेमोड सीड नावाच्या एका संख्येवर अवलंबून असते. एकाच आवृत्तीत तीच संख्या दिली की तेच डोंगर आणि त्याच दऱ्या पुन्हा उभ्या राहतात. त्यामागचे गणित केन पर्लिन यांनी 1980 च्या दशकात संगणकीय चित्रांसाठी शोधलेल्या पद्धतीच्या कुळातले आहे. जुन्या आवृत्त्यांत मध्यापासून सुमारे सव्वा कोटी ठोकळे दूर गेले की हे गणित गडबडत असे आणि जमिनीच्या जागी छिद्राछिद्रांच्या प्रचंड भिंती उभ्या राहत. खेळाडूंनी त्या प्रदेशाला फार लँड्स असे नाव दिले होते. सप्टेंबर 2011 मध्ये जगनिर्मितीची पद्धत बदलली आणि तो प्रदेश गेला. माझ्यासारख्या काहींना आजही त्याची हळहळ वाटते.

मी घेतला तेव्हा गेममध्ये एका ओळीचीही शिकवणी नव्हती. पहिला दिवस झाडावर बुक्क्या मारण्यात गेला. दहा मिनिटांत सूर्य कलला, कोळसा सापडला नव्हता म्हणून मशाल नव्हती, तेव्हा टेकडीत दोन ठोकळे खणून आत शिरलो, तोंडाशी माती लावली आणि बाहेर रात्री फिरणाऱ्या राक्षसांची गुरगुर ऐकत काळोखात बसून राहिलो. मशाल कशी बनते हे दुसऱ्या दिवशी एका अनोळखी खेळाडूच्या व्हिडिओतून कळले. गेमविषयीचे ज्ञान असे खेळाडूंकडून खेळाडूंकडे गेले, आणि त्यातूनच त्याचा प्रसारही झाला; पूर्ण आवृत्ती यायच्या बऱ्याच आधी, जानेवारी 2011 मध्ये, विक्रीने 10 लाखांचा टप्पा ओलांडला होता.

एकट्या माणसाचे पर्व त्याआधीच संपले होते. 2010 मध्ये पर्सनने नोकरी सोडून याकोब पोर्सेर आणि कार्ल मान्ने यांच्याबरोबर मोयांग ही कंपनी काढली. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ साधारण 'कसलेसे यंत्र' असा आहे. संगीत डॅनियल रोझेनफेल्ड या जर्मन तरुणाचे होते. 18 नोव्हेंबर 2011 रोजी लास व्हेगसच्या मेळाव्यात पूर्ण आवृत्ती जाहीर झाली आणि काही दिवसांतच पर्सनने सूत्रे येन्स बेर्गेनस्टेन यांच्याकडे दिली. त्यामुळे आज आपण जो गेम खेळता, त्याचा बराचसा भाग पर्सनच्या हातचा नाही.

2014 मध्ये अनेकांना एकत्र खेळता यावे म्हणून स्वतःचे सर्व्हर चालवून पैसे घेणाऱ्यांवर कंपनीने नियम लागू केल्यावर खेळाडूंचा रोष उसळला, आणि वैतागलेल्या पर्सनने माझा हिस्सा कोणी घेता का, असे ट्विटरवर जाहीरपणे विचारले. सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने 250 कोटी डॉलरना मोयांग घेतल्याचे जाहीर झाले आणि तिघे संस्थापक बाहेर पडले. गेम आता बिघडणार अशी भीती मलाही वाटली होती. ती फारशी खरी ठरली नाही. मोबाईलसाठी वेगळी लिहिलेली आवृत्ती वाढत जाऊन बेडरॉक या नावाची झाली, तरी मूळ जावा आवृत्तीही चालू राहिली. ऑक्टोबर 2023 मध्ये एकूण विक्री 30 कोटी प्रतींवर गेल्याचे जाहीर झाले.

नक्कल किती आणि नवे किती, हे स्वतःच तपासायचे असेल तर दहाव्या वाढदिवसाला, 2019 मध्ये, मोयांगने 2009 ची क्लासिक आवृत्ती ब्राउझरमध्ये फुकट खुली केली होती. तिच्यात 32 प्रकारचे ठोकळे आहेत. क्रीपर नाही, रात्र होत नाही आणि मशालही लागत नाही.