सोळा वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडू का?

ताई,
वय ४१. एकाच कंपनीच्या अकाउंट्समध्ये १६ वर्षं काढली. दोन वर्षांपूर्वी साहेब बदलले आणि सगळं बिघडलं. साधा मेलही त्यांना दाखवून पाठवायचा, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलणी खायची. रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो. सोमवारी गाडी पार्क केली तरी स्टिअरिंग धरून तसाच बसून राहतो. महिनाअखेर आली की झोप उडते. नवीन लागलेल्या पोरांना काम शिकवतो तेवढा वेळ बरा जातो, बाकी दिवस ढकलायचा. लाकूडकाम शिकून फर्निचरचं काहीतरी सुरू करावं असं डोक्यात आहे. बायको नोकरी करते. ती म्हणते, दुसरं हातात आल्याशिवाय सोडू नकोस. मला मात्र उद्याच राजीनामा तोंडावर फेकावासा वाटतो. १६ वर्षांवर पाणी सोडू का? या वयात नव्याने सुरुवात होते का?
– वैतागलेला

नमस्कार,

सोडा. पण उद्या नको, आणि तोंडावर फेकून तर नकोच. तुमच्या साहेबांचा मला काही पुळका नाही. पण पुढची कंपनी चौकशीला फोन करेल तो कदाचित त्यांच्याच टेबलावर वाजेल. नोटीस पीरियड भरा, हातातलं काम लिहून दुसऱ्याच्या हवाली करा, अनुभवाचं पत्र आणि उरलेला हिशेब पदरात पाडून घ्या. मग घरी येऊन काय आदळआपट करायची ती करा.

आता ती १६ वर्षं. हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. नाटकांच्या अख्ख्या हंगामाची तिकिटं काढायला आलेल्यांपैकी काही जणांना त्यांनी अचानक सवलत दिली, बाकीच्यांकडून पूर्ण पैसे घेतले. नाटकं सगळ्यांना तीच. तरी हंगामाच्या पहिल्या निम्म्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. खरं तर पैसे सगळ्यांचेच खर्च झाले होते. आज नाटक बघावंसं वाटतंय का, एवढंच ठरवायचं होतं. तुम्ही अकाउंट्सवाले, खर्ची पडलेली रक्कम परत जमेला धरायची नसते हे मी तुम्हाला काय सांगणार! राहिलात म्हणून ती वर्षं परत मिळणार नाहीत. आणि त्या वर्षांत जे अंगात मुरलं ते साहेबांना ठेवून घेता येणार नाही. शिवाय तुमच्या नोकरीची जेवढी वर्षं झाली, साधारण तेवढीच अजून पुढे आहेत. तेव्हा सुरुवात होते का, तर होते. कशाची करायची, हा खरा प्रश्न आहे, आणि तिथे तुमचं पत्र मला गोंधळलेलं वाटलं.

बिघडलं ते दोन वर्षांपूर्वी, असं तुम्हीच लिहिता. म्हणजे त्याआधी १४ वर्षं हेच आकडे सुसह्य होते. मग वैर आकड्यांशी आहे की माणसाशी? फर्निचर पत्रात जेमतेम एका ओळीत येऊन जातं. आजवर काय बनवलंत, शिकणार कुठे, विकणार कोणाला, चकार शब्द नाही. माझी शंका अशी, की तुम्हाला सुतारकामापेक्षा साहेब नसलेली जागा हवी आहे. धंद्यात साहेब नसतो हे खरं, पण गिऱ्हाईक असतं. त्याला रंग आवडत नाही, माप चुकलंय असं वाटतं, आणि पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणतं.

उलट नव्या पोरांना शिकवण्याचं वाक्य बघा. वैताग नसलेलं हे पत्रातलं एकच वाक्य, आणि ते तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. शिकवणं हेच तुमचं पुढचं काम असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तपासून बघाल की नाही? अकाउंट्सची परीक्षा देणारी दोन-चार मुलं शनिवारी शिकवायला घ्या. रविवारी एखाद्या वर्कशॉपमध्ये जाऊन एक स्टूल पूर्ण करा: चारही पाय जमिनीला टेकेपर्यंत, पॉलिश पेपर घासून बोटं हुळहुळेपर्यंत. दोन्हींपैकी कुठे घड्याळ बघितलं गेलं नाही, ते लक्षात ठेवा. नोकरी चालू ठेवून असं चाचपडणं भित्रेपणाचं नाही. जोसेफ राफी आणि जी फेंग यांच्या २०१४ च्या अभ्यासात, नोकरी सांभाळून आधी जोडधंदा म्हणून सुरुवात केलेल्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा एक तृतीयांशाने कमी दिसली.

म्हणजे बायको बरोबर बोलते आहे, पण अर्धंच. ‘दुसरं हातात आल्याशिवाय’ याला तारीख नाही, आणि तारीख नसली की अशा गोष्टी निवृत्तीपर्यंत लांबतात. एका संध्याकाळी दोघं कागद घेऊन बसा. एका पगारात घर किती महिने चालेल, हप्ते किती, कंपनीचा आरोग्य विमा बंद झाला तर काय करायचं, कुठला खर्च थांबवता येईल आणि कुठला मुळीच नाही. मग त्याच कागदावर एक महिना लिहा, तोवर काही जमो न जमो, राजीनामा द्यायचा. ‘मी सोडतोय’ हे तिच्या कानावर घालणं वेगळं आणि तारीख दोघांनी मिळून ठरवणं वेगळं.

शोधाशोध करताना फक्त मित्रांना सांगून थांबू नका. मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७३ च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची माहिती दिली आहे. ज्याच्याकडून खबर मिळाली तो वरचेवर भेटणारा माणूस होता, असं सांगणारे सहांत एकच निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली. साहजिक आहे, जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. वर्षातून एकदा येणारे ऑडिटर, कंपनी सोडून गेलेले जुने सहकारी, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर बसवायला आलेला तो माणूस (सॉफ्टवेअरवाल्यांना शिकवणारी माणसं लागतात), यांना फोन करा. नोकरी मागू नका, त्यांच्याकडे सध्या काय चाललंय ते विचारा. पहिल्या फोनला अवघड वाटेल.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी. स्टिअरिंग धरून बसणं आणि झोप उडणं मी हलक्यात घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे. आजार म्हणून नाही, कामातल्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. त्यात सततचा शीण असतो, कामाविषयी कडवटपणा येतो आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागतं. ओळखीचं वाटलं तर या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा, आणि पोटातला गोळा, पार्किंग, झोप, काहीही न गाळता सांगा. त्यांनी थांबा म्हटलं, तर कागदावरची ती तारीख खोडून अलीकडची घाला. घरखर्चाचा मेळ बसवायला जरा जड जाईल, पण ते काम तर तुम्हाला येतंच.

– ताई