स्विफ्ट आयलंडसारख्या निवासी वर्कशॉपला स्वतःच्या पैशाने जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात चार वर्षं आयओएसवर, म्हणजे आयफोनच्या ॲप्सवर, काम करताय, नेदरलँड्समधल्या टेक्सेल बेटावर स्विफ्ट या ॲपलच्या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी स्विफ्ट आयलंड नावाची निवासी वर्कशॉप कॉन्फरन्स भरते असं कळलंय, कंपनी पैसे देणार नाही, आणि सगळं यूट्यूबवर फुकट मिळत असताना खिशाला खार लावून जायचं का.

मी गेले आहे, आणि खिशाला खार लावूनच गेले. अडलेलं काम हातात असेल तर जा. ‘काहीतरी नवीन शिकायला’ म्हणून जाणार असाल तर तुमचं बरोबर आहे, यूट्यूब पुरे.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे माझं बोलणं त्या हिशेबाने ऐकाल. मी मूळची सांगलीची, पण गेली काही वर्षं युट्रेक्टमध्ये राहते. मला ना व्हिसा लागला ना विमान. सकाळी ट्रेनमध्ये बसले ती डेन हेल्डरला उतरले. तुमच्या खर्चाचं गणित वेगळं आहे, त्याकडे शेवटी येते.

टेक्सेलचा उच्चार तिथे ‘टेसल’ असा करतात. लिहितात एक्स, बोलतात स. डेन हेल्डरच्या धक्क्यावरून फेरीने वीस मिनिटं. फेरी टेसो नावाची कंपनी चालवते, १९०७ साली बेटकऱ्यांनीच काढलेली. तिकीट फक्त जाताना काढायचं, येताना कुणी विचारत नाही. बेटावर गेलेला माणूस परत येणारच, दोनदा कशाला तपासा, असा साधा हिशेब. आपल्याकडे टोलवाल्यांना हे कुणीतरी समजावायला हवं.

बेटाचं एवढं पुराण लावलं कारण या प्रकारात जागेलाच अर्धे गुण आहेत. शहरातल्या हॉटेलात कॉन्फरन्स असली की पाच वाजता शेवटचं भाषण संपतं, गळ्यातलं कार्ड खिशात जातं आणि जो तो आपापल्या वाटेने पांगतो. इथे रात्री फेरी बंद. मुक्काम सुट्टीसाठी बांधलेल्या बंगल्यांत, काही जण मिळून एक बंगला. राहणं-खाणं तिकिटातच धरलेलं. लोक थोडे, वर्कशॉपचे गट लहान, आणि शिकवणारे म्हणजे मेंटॉर जेवायलाही तिथेच. दुपारी जो माणूस तुमच्या समोर उभा राहून कोड लिहीत होता, तोच सकाळी बाहीला पीठ लावून पॅनकेक उलटताना दिसतो. अशा माणसाला प्रश्न विचारायला भीड वाटत नाही. भीड हा आपला मोठा रोग आहे, निदान माझा तरी होता. शाळेपासून ‘शंका आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही सर’ असंच द्यायचं असतं, हे अंगात भिनलेलं.

आता मुद्द्याचं, म्हणजे मी काय घेऊन गेले आणि काय घेऊन आले.

माझ्या ॲपमध्ये स्विफ्टयूआयने (ॲपचा पडदा मांडायचं ॲपलचं साधन) केलेली एक यादी होती. साधीच, दोनेकशे ओळी. ती सरकवताना अडखळायची आणि मध्येच एखादी उघडलेली ओळ आपोआप मिटायची. तीन आठवडे मी तिच्यामागे होते. चित्रं लहान केली, कॅश लावली (म्हणजे एकदा आणलेली चित्रं साठवून ठेवली), इंटरनेटवरची चारपाच उत्तरं जशीच्या तशी चिकटवून पाहिली. ती चिकटवलेली उत्तरं काढायलाच पुढे दोन दिवस गेले.

सत्रातला सराव झाल्यावर मी भीत भीत लॅपटॉप पुढे केला. मेंटॉर शेजारी बसला, पण त्याने कीबोर्डला हात लावला नाही. हात मागे बांधूनच बसला होता म्हणा ना. पहिला प्रश्न त्याने विचारला तो चित्रांबद्दल नव्हताच. म्हणाला, यादीतली ही ओळ पुन्हा रेखाटली जाते आहे की नव्याने जन्माला येते आहे, हे तुला कसं कळतं? मला कळत नव्हतं. मग त्याने माझ्याकडून त्या ओळीच्या बॉडीमध्ये, म्हणजे ती कशी दिसावी हे सांगणाऱ्या भागात, कोडची एक ओळ लिहून घेतली: सेल्फ डॉट अंडरस्कोअर प्रिंटचेंजेस. (देवनागरीत हे मंत्रासारखं वाटतं, मला माहीत आहे.) ॲप चालवलं आणि कन्सोल, म्हणजे ॲपचे संदेश दिसतात ती खिडकी, भरून वाहायला लागला. प्रत्येक ओळीचं एकच रडगाणं: ओळख बदलली, ओळख बदलली.

घोळ असा होता. यादीतल्या प्रत्येक वस्तूला आयडी लागतो, आणि मी तो साठवून ठेवण्याऐवजी विचारला की नवा यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांबलचक क्रमांक) बनवून द्यायचा असा लिहिला होता. वर्गात रोज हजेरी घ्यायची आणि रोज सगळ्या पोरांना नवी नावं द्यायची, तसं. मास्तरांच्या दृष्टीने कालचा वर्ग गेला, आजचा आख्खा वर्ग नवा. स्विफ्टयूआयही तेच समजत होतं. जुन्या ओळी फेकून नव्या मांडत होतं, त्यांच्याबरोबर उघडी-मिटलेली स्थितीही जात होती. दुरुस्ती कोडच्या एका ओळीची: आयडी एकदाच बनवून साठवायचा.

हे यूट्यूबवर नाही का? आहे. पण शोधायला ‘आयडेंटिटी’ हा शब्द डोक्यात यावा लागतो, आणि मी ‘चित्रं’ या शब्दाने शोधत होते. चुकीच्या शब्दाने तीन वर्षं शोधलं असतं तरी सापडलं नसतं. शिवाय त्या बैठकीत मी बघितलं ते उत्तर नव्हतं, संशयाचा क्रम होता. कशावर आधी संशय घ्यायचा, कशावर नंतर, आणि अंदाजाने कोड बदलण्याआधी मोजायचं कसं. मधेच मेंटॉरलाही एक नाव आठवेना. डॉक्युमेंटेशन उघडलं, चुकीचं पान वाचलं, ‘छे, हे नाही’ म्हणाला, परत फिरला. व्हिडिओमध्ये ही वीस मिनिटं कापलेली असतात. मला त्या वीस मिनिटांचेच पैसे वसूल झाले.

दुसरी गोष्ट स्विफ्टची चाल बघता लक्षात घ्या. भाषा आली २०१४ ला, स्विफ्टयूआय २०१९ ला, असिंक-अवेट (एखाद्या कामाची वाट बघताना ॲप अडकू नये यासाठीची सोय) २०२१ ला, आणि २०२४ च्या स्विफ्ट ६ मध्ये तर कडक तपासणीचा मोड लावला की काल मुकाट्याने बिल्ड होणारा कोड लाल एररने भरून जातो. दर जूनमध्ये ॲपल नवं पान उलटतं आणि त्याचे व्हिडिओ जगाला फुकट देतं. त्यामुळे ‘नवं काय आलं’ हे कळण्यासाठी बेटावर जाणं म्हणजे पेपर वाचायला मुंबईला जाण्यासारखं आहे. नवं आपल्या जुन्या कोडमध्ये कसं बसवायचं, हे मात्र जुना कोड समोर ठेवूनच कळतं.

जुन्यावरून आठवलं. परत येण्याआधी वेळ काढा आणि सायकलने उत्तर टोकाच्या लाल दीपस्तंभाकडे जा. तो १८६४ चा. एप्रिल १९४५ मध्ये बेटावरच्या जर्मन फौजेतल्याच जॉर्जियन सैनिकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला, आणि युरोपात युद्ध संपल्यावरही इथली लढाई २० मेपर्यंत धुमसत राहिली. त्यात दीपस्तंभ गोळ्यांनी चाळण झाला. तो पाडला नाही, त्याच्याभोवती नवी भिंत बांधली. आत शिरलात की दोन भिंतींमधून जुन्या विटांवरच्या खुणा दिसतात. आमच्यातला एकजण पायऱ्यांवर थांबून म्हणाला, हा तर रॅपर क्लास! रोज ऑब्जेक्टिव्ह-सी या आधीच्या भाषेतल्या जुन्या कोडवर स्विफ्टचं आवरण चढवणारे आम्ही सगळे खो खो हसलो. मागचे डच आजी-आजोबा दचकले असावेत.

काही व्यवहाराच्या गोष्टी. लॅपटॉप कंपनीचा असेल तर निघण्यापूर्वी त्यावर एक्सकोडची (ज्यात हा कोड लिहितात ते ॲपलचं सॉफ्टवेअर) हवी ती आवृत्ती बसते का पाहा. माझ्या तेव्हाच्या कंपनीने लॅपटॉपला अशी कुलपं घातली होती की बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, बसेचना, आणि पहिल्या सत्रात मी शेजाऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावत बसले. एक्सकोड कित्येक जीबीचं असतं, तिथे जाऊन उतरवू म्हणू नका. कंपनीचा कोड बाहेर दाखवणं करारात बसत नाही, तेव्हा अडलेला भाग वेगळा काढून छोटा नमुना प्रोजेक्ट करून न्या. गंमत म्हणजे तो नमुना करतानाच निम्म्या लोकांना चूक सापडते. सापडली तर दुसरी अडचण न्या, कमी आहेत का!

शाकाहारी असाल तर नोंदणीच्या वेळीच स्पष्ट लिहा, अंडं चालतं की नाही तेही. एरवी डच माणसाचं दुपारचं जेवण म्हणजे ब्रेड आणि चीज. मी मेतकुटाची पुडी नेली होती, ती ब्रेडवर लोण्यासोबत बंगल्यात फार गाजली.

एकट्या बाईने जावं का, असं कुणी विचारलंच तर: मी एकटीच गेले होते. खोलीची व्यवस्था कशी आहे, हे आयोजकांना आधी ईमेलने विचारून घेतलं. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आता तुमचं गणित. तिकिटाचा आकडा ज्या त्या वर्षीचा बघा. त्यावर विमान, आणि शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा): जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो, वर एजन्सीचं शुल्क, आणि निदान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उशीर करू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळताना नाकी नऊ येतात. आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागून घ्या. सगळं मिळून रक्कम इतकी होते की फक्त तीन दिवसांसाठी पुण्याहून उडावं, असं मी सांगणार नाही. युरोपात दुसरं काही काम असेल, बहीण-भाऊ इकडे असेल, तर त्याला जोडून या.

आणि पैसे भरण्याआधी एक प्रयोग करून बघा. तुमच्यासारखे पाच-सहा जण जमवा, वेगवेगळ्या कंपन्यांतले असले तर उत्तम. मुळशी-पानशेतकडे शनिवार-रविवारसाठी एखादा बंगला घ्या. प्रत्येकाने अडलेली एकच गोष्ट आणायची. बाकीच्यांनी शेजारी बसायचं, पण कीबोर्डला हात लावायचा नाही. एक नियम मात्र आधीच ठरवा: शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत चूल पेटणार नाही आणि बाटली उघडणार नाही. आम्ही इथल्या चार मराठी डेव्हलपरांनी हा प्रयोग गेल्या हिवाळ्यात केला, तेव्हा हा नियम ठरवायला विसरलो होतो. एकाचीच अडचण सुटली, आणि मिसळ मात्र झकास झाली.