पिवळ्या रेन लिलीला ताण हवा

प्रश्न : शेजारणीने दिलेले लसणाच्या मोठ्या पाकळीएवढे कंद मी दोन वर्षांपूर्वी गॅलरीतील कुंडीत लावले. रोज पाणी घालूनही गवतासारखी पातच वाढते, फूल मात्र एखादेच येते. शेजारणीची गच्चीवरची दुर्लक्षित कुंडी मात्र जूनच्या पहिल्या पावसानंतर पिवळ्या फुलांनी भरून जाते. असे का? येऊरच्या जंगलात पावसाळ्यात दिसणारे पिवळे फूल हेच का?
– एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : तुमच्या वर्णनावरून ही पिवळी रेन लिली, म्हणजे झेफिरँथस सिट्रिना, असावी. मूळची मेक्सिकोकडची ही वनस्पती कोरड्या काळात अन्न कंदात साठवून स्वस्थ बसते आणि कोरडीनंतर भरपूर पाणी मिळाले की काही दिवसांतच फुलते. तिला नुसते पाणी पुरत नाही. त्याआधीची कोरडही लागते, आणि तुमच्या नियमितपणामुळे नेमकी तीच हुकते. मृग बहार धरण्यासाठी आपले संत्रा-बागायतदार मे महिन्यात पाणी तोडून झाडांना ताण देतात, त्यातलाच हा प्रकार समजा. शेजारणीच्या दुर्लक्षाने तो ताण आपोआप दिला.

तेव्हा मे महिन्यात तीन-चार आठवडे पाणी बंद ठेवा. पात पिवळी पडली तरी घाबरू नका. पहिल्या जोरदार पावसात कुंडी उघड्यावर ठेवा. गॅलरीत पाऊस येत नसेल, तर नळाचे पाणी एकदाच भरपूर घालूनही फुले येऊ शकतात. मात्र कुंडीला ऊन मिळाले पाहिजे आणि तळाचे छिद्र मोकळे हवे, नाहीतर ठाण्याच्या जुलैत कंद कुजतात. एकेक फूल एक-दोन दिवसच टिकते. त्यानंतर धरणाऱ्या तीन कप्प्यांच्या बोंडातील चपट्या काळ्या बिया ताज्या असतानाच पेरल्या, तर सहज रुजतात.

येऊरचे फूल जमिनीलगत उमलणारे आणि पाने माडाच्या कोवळ्या रोपासारखी चुण्यांची असतील, तर ती काळी मुसळी होय. तिलाही सहा पिवळ्या पाकळ्या असतात, पण तिचे कूळ वेगळे आहे. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडत असल्याने ती उपटून आणू नये.

तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो : रेन लिलीचा कंद विषारी असतो, आणि पात कांद्याच्या पातीसारखी दिसत असल्याने ही कुंडी भाजीच्या कुंड्यांपासून दूर ठेवावी.