'समर मान्सून' म्हणजे उन्हाळी पाऊस नव्हे ओ

प्रश्न असा आलाय: एका भाषांतरित लेखात "समुद्रातल्या बदलांचा उन्हाळी अतिवृष्टीवर परिणाम" असं छापलंय, तर हा आपला वळीव का आणि कुठला?

वळीव नव्हे. मूळ इंग्रजीत 'समर मान्सून रेनफॉल' असणार आणि कुणीतरी शब्दाला शब्द लावून मोकळं झालंय. तिकडं इंग्रजी मुलखात जून ते ऑगस्ट म्हणजे समर, त्यामुळं त्यांच्या हिशेबानं आपला बहुतेक पावसाळा उन्हाळ्यातच जातो. पण बेळगाव-खानापूरकडं उन्हाळी पाऊस म्हटलं की चैत्र-वैशाखातला वळीवच डोळ्यासमोर येतो, दुपारभर घामाच्या धारा, मग काळंकुट्ट आभाळ, वारा, गारा, झाडाखाली कैऱ्यांचा सडा आणि तासाभरानं परत ऊन. जूननंतरच्या पावसाला मिरगाचा म्हणतील, तरणा-म्हातारा म्हणतील, कन्नड शेजारी मुंगारू म्हणतील, उन्हाळी म्हणणारा मला तरी भेटलेला नाही.

आणि हा फरक नुसता शब्दाचा असता तर सोडून दिलं असतं, पण अर्थ पण बिघडतोय. वळीव बराचसा जागच्या जागी तयार होतो, जमीन तापते, दमट हवा वर चढते, ढग उभा राहतो, एका गावात झोडपतो आणि शेजारचं गाव कोरडं. लेखात जो एल निनो वगैरे आहे त्याचा मुख्य संबंध जून-सप्टेंबरच्या पावसाशी. एल निनोत प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा मधला-पूर्वेकडचा भाग नेहमीपेक्षा तापतो, हवा तिकडं वर चढते आणि आपल्याकडं खाली बसायला लागते, मग ढग वाढत नाहीत. २००९ ला देशात सरासरीच्या ७८ टक्केच पाऊस झाला, आणि २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, त्या वर्षी कर्नाटकातले बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर झाले ते आठवत असेल.

पण एल निनो आला म्हणजे दुष्काळच, असं टीव्हीवाल्यांसारखं धरून बसू नका. १९९७ चा एल निनो जबरदस्त होता तरी पाऊस सरासरीला धरूनच झाला. तिथं आपला हिंद महासागर मधे पडला असं मानतात. त्याची आफ्रिकेकडची बाजू गरम आणि सुमात्राकडची गार झाली की मान्सूनला बहुधा बळ मिळतं, याला हिंद महासागर द्विध्रुव म्हणतात, साजी-यामागाता वगैरे शास्त्रज्ञांनी १९९९ साली तो मांडला. (पेपरवाले 'आयओडी' लिहून सुटतात.) २०१९ ला हा द्विध्रुव जोरदार होता, जूनमध्ये देशात पाऊस ३३ टक्के कमी आणि सप्टेंबरात ५२ टक्के जास्त! आणि त्याच वर्षी ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या पुरानं आपल्या बेळगाव जिल्ह्यात काय केलं ते वेगळं सांगायला नको.

तरी तो पूर द्विध्रुवानं आणला असं पण म्हणवत नाही. समुद्राचं तापमान अख्ख्या हंगामाचा कल इकडं-तिकडं करतं, पण अमुक दिवशी घाटातल्या कणकुंबीला धो धो कोसळणार का ते किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा, बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र आणि घाटावर आदळणारा पश्चिमेचा वारा ठरवतो. त्याच जिल्ह्यातलं अथणी घाटापासून लांब, तिथं स्वतःचा पाऊस बेताचाच, पण वर महाराष्ट्रात धरणं भरली की कृष्णेचं पाणी दारात येतं. शिवाय हवा एक अंश तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळं कोसळतो तेव्हा जास्तच कोसळायची शक्यता वाढते.

म्हणून त्या ठिकाणी 'पावसाळ्यातली अतिवृष्टी' नाहीतर 'मान्सूनमधला मुसळधार पाऊस' लिहावं. 'उन्हाळी' वळवासाठी आणि उन्हाळी भुईमुगासाठी राहू दे.

अतिवृष्टी शब्द मात्र बरोबर आहे, हवामान खात्याचा जोरदार पाऊस २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होतो आणि महाराष्ट्रात महसूलवाले पण ६५ च्या वर गेला की अतिवृष्टी धरतात. ढगफुटीला तासाला १०० मिलिमीटर लागतात, तेव्हा गटार तुंबून रस्त्यावर पाणी आलं की लगेच 'ढगफुटी' लिहिणाऱ्यांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.